दुबार कोंडाजी

मार्च उजाडला, कांदा काढायला आला, आणि त्याच आठवड्यात कोंडाजीला पुन्हा कैदी व्हायची लहर आली.

ही लहर चांदवडहून एस.टी.नं आली. कोंडाजीचा पलटणीतला जोडीदार सहादू सायखेड्याच्या फाट्यावर उतरला, चालत मळ्यात आला, बांधावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाला, "वहिनी, मला मिळालं."

चांगुणा वाफ्यात उकिडवी बसून कांदे उपटत होती. तिनं मान वर केली नाही. "काय मिळालं?"

"कैदेतलं. साडेतीन वर्षांचा पगार. आन् वर कागद. त्याच्यावर लिवलंय, सहादू शिपाई जपान्याच्या कैदेत व्हता."

"आता लिवलं? चाळीस वर्षांनी?"

"टाईप करायला येळ लागतो म्हनं."

कोंडाजी पलीकडच्या वाफ्यात होता. हातातला कांदा त्यानं पातीला धरून तसाच लोंबकळत ठेवला, उंदीर शेपटीला धरावा तसा. "आन् गैरहजरचं काय केलं?" त्यानं विचारलं.

"खोडलं. लाल शाईनं."

कोंडाजीनं कांदा खाली ठेवला आणि तो घराकडं चालू लागला. ट्रंकेतले कागद काढायला तो गेला हे चांगुणाला पाठमोऱ्या चालीवरूनच कळलं. अर्ध्या एकराचा कांदा जमिनीत होता, रोजानं येणारी एकटी शकुबाई होती, आणि पश्चिमेला दोन दिवसांपासून आभाळ गढूळ होत होतं.

"भावजी," ती सहादूला म्हणाली, "तुम्ही पोस्टानं कळवलं असतं तर मला आठवडा तरी मिळाला असता."

कोंडाजी आणि सहादू लढाईत खेचरांच्या कंपनीत होते. बेचाळीस साली सिंगापूर पडलं तेव्हा गोऱ्या साहेबांनी हात वर केले, मग ह्यांनी केले. खेचरांना हात नव्हते म्हणून ती सुटली. जपान्यांनी माणसं बोटीत कोंबून कुठल्याशा बेटावर नेली आणि तिथं विमानाची धावपट्टी खणायला लावली. साडेतीन वर्षं खणली. झाडपाला खाल्ला, गोगलगाई खाल्ल्या. एकदा पट्टा उकडून खाल्ला, त्याचं वर्णन कोंडाजी लग्नाच्या पंगतीत हटकून करी, त्यामुळं त्याला पंगतीत कडेला बसवत. त्या बेटावर जपान्यांनी हजेरीपट ठेवला नव्हता. म्हणून परत आल्यावर पलटणीच्या कागदात ही साडेतीन वर्षं 'गैरहजर' अशी लागली. पगार कापला आणि घरी पाठवलं.

पगाराचं कोंडाजी विसरला असता. गाव विसरू देईना. गावानं त्या शब्दाचा सरळ अर्थ काढला, की गडी लढाईतून पळाला आणि मुंबईला गोदीत हमाली करत बसला. सदतीस वर्षं झाली, पारावर कोणी ना कोणी विचारायचंच, "काय कोंडाजी, मुंबईची हवा मानवली व्हती ना?"

एवढ्यावरच भागलं असतं तर सहादूसारखं त्याचंही काम झालं असतं. पण सहादूचा बाप कंजूष होता. पोरगं बेपत्ता झाल्याची तार आली तेव्हा, "बघू, येईल," म्हणून त्यानं तार कणगीत टाकली. कोंडाजीचा बाप खंडेराव मोठ्या मनाचा. त्यानं तार पोलीस पाटलाकडून वाचून घेतली. धोंडीराम पाटील म्हणाला, "बेपत्ता म्हंजे मयतच. सरकार लाजून बोलतं." खंडेरावानं नाशिकला गंगेवर दर्भाचा पुतळा जाळला, तेरावं घातलं, गावजेवण दिलं. लोक अजून त्या लाडवांची नावं काढतात.

आणि सेहेचाळीस साली कोंडाजी फाट्यावर उतरून घरी चालत आला.

ज्याचं तेरावं जेवलो त्याला घरात कसं घ्यायचं, हा गावापुढं पेच पडला. नाशिकच्या गुरुजींनी सांगितलं, शास्त्रात सोय आहे. माणूस पुन्हा जन्माला घालायचा. तूप-पाण्यानं भरलेल्या पात्रात त्याला मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन बसवायचं, मग बारसं, मुंज असेल तर मुंज, मग लग्न. एवढं मोठं पात्र गावात एकच होतं, गुऱ्हाळाची काहील. कोंडाजीला काहिलीत बसवलं. तूप परवडण्यासारखं नव्हतं, तेव्हा पाणी भरून वर पळीभर तूप सोडलं. पाळण्यात तो मावेना, म्हणून नुसता उजवा पाय घातला आणि बायांनी पायाला झोके दिले. जुनं नाव पिंडाबरोबर नदीला गेलेलं, म्हणून नवं ठेवलं गोरक्ष. आठव्या दिवशी त्याचं चांगुणाशी पुन्हा लग्न लागलं.

इथवर सगळं धर्माला धरून झालं. पुढं धोंडीराम पाटलानं घोळ केला. त्याच्या वहीत त्रेचाळीस साली कोंडाजीचा मृत्यू नोंदलेला होता. खोडलं तर मामलेदार जाब विचारी, वाढवलं तर कोणी विचारत नसे. त्यानं वाढवलं. जन्म, सेहेचाळीस, मुलगा, नाव गोरक्ष, बाप खंडेराव.

तेव्हापासून सातबारा, रेशनकार्ड, मतदारयादी सगळीकडं गोरक्ष, जन्म सेहेचाळीस. गाव मात्र 'दुबार कोंडाजी' म्हणे, पहिली पेरणी वाया गेल्यावर जी करतात तिच्यावरून. त्याचा मुलगा अठ्ठेचाळीसचा, म्हणजे बापाहून दोनच वर्षांनी धाकटा. तो ओझरला कारखान्यात लागला तेव्हा साहेबानं विचारलं, वडील सावत्र का. आणीबाणीत तर नसबंदीवाले यादी घेऊन दारात आले, गोरक्ष खंडेराव, वय तीस. चांगुणानं छप्पन वर्षांचा नवरा पुढं उभा केला आणि म्हणाली, "न्या. पर संध्याकाळी धार काढायच्या टायमाला आणून सोडा." ते बघून परत गेले.

अर्जाची मुदत एकतीस मार्च होती. कोंडाजी पहिल्यांदा नाशिकला सैनिकांच्या कचेरीत एकटा गेला आणि संध्याकाळी परत येऊन खळ्यात बसला. चांगुणा आणि शकुबाई विळ्यानं पात कापत होत्या. दोघींचे अंगठे काळे पडले होते आणि डोळे गळत होते.

"काय म्हनला सायेब?" चांगुणानं विचारलं.

"म्हनला, सदतीस वर्षांचा मानूस बेचाळीस साली कैदेत कसा व्हता ते शाबीत करा."

शकुबाई पदरात तोंड घालून हसली. "मंग तुम्ही काय बोलले, दाजी?"

"म्हनलो, माझ्या तोंडाकडं बघा. तर म्हनला, तोंड जोडता येत नाय, नक्कल जोडा."

"मग?"

"निफाडहून जन्ममृत्यूची नक्कल आनतो."

"आवो, त्याच नकलेनं तर घोटाळा झालाय."

"कागद पुरा पाहिजे, चांगुणे. अर्धा कागद लय वाईट."

निफाडला तीन फेऱ्या झाल्या. एकदा कारकून नव्हता, एकदा वही नव्हती, तिसऱ्यांदा दोन्ही होते पण शाई नव्हती; ती कोंडाजीनं दुकानातून आणून दिली तेव्हा नक्कल मिळाली. तिकडं कांदा निघून वाफ्यावाफ्यात पडला, ढीग झाले, पातीखाली झाकले. चांगुणाच्या कमरेत उसण भरली. ती हात टेकून उठायची, हात टेकून बसायची. नवरा आला की विचारायची नाही. तो आपण होऊन सांगायचा. ते जास्त वाईट होतं.

मग त्याला नाशिकच्या गुरुजींची आठवण झाली. ह्यावेळी त्यानं तिलाही नेलं, कारण सायबानं सांगितलं होतं, पुढल्या खेपेला बायको समक्ष पाहिजे. अठ्ठावीस तारखेला निघाले. आभाळ काळं होतं. ढिगावर टाकायला शकुबाईच्या घरचा प्लास्टिकचा कागद आणि ह्यांची दोन पोती, एवढंच होतं.

"दाजी, गारा आल्या तर?" शकुबाईनं विचारलं.

"डोक्यावर घमेलं घे," कोंडाजी म्हणाला.

गंगेवर जुन्या गुरुजींचा मुलगा चिंतामणगुरुजी होता. त्यानं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि लाल कापडात बांधलेली लांबट वही काढून अशी सोडली की जणू तान्हं पोर सोडतोय. पानं उलटली. बोट ठेवलं.

"हे बघा. खंडेराव, मौजे तुमचं. पुत्र कोंडाजी, युद्धात मयत, पर्णदाह, म्हणजे पुतळा जाळून. खाली अंगठा. आणि हे, तीन वर्षांनी. पुनर्जन्मसंस्कार, नाव गोरक्ष. पुनर्विवाह, भार्या चांगुणा. खाली तुमची सही. आमच्या वहीत खाडाखोड नाही हो!"

चांगुणा त्या बोटाखालच्या ओळीकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. "माझं नाव किती येळा हाय?"

"एकदा. पुनर्विवाहाच्या वेळी."

"आन् त्याच्या आदी? तीन वर्षं?"

गुरुजीनं पान मागं-पुढं केलं. "त्याची नोंद नसते."

त्यानं दोन्ही नोंदींची नक्कल लिहून दिली, दक्षिणा घेतली नाही, आणि कोंडाजीच्या पाया पडला. वयानं मोठे म्हणून की वहीतून उठून आलेला माणूस म्हणून, ते कळलं नाही.

त्या दिवशी सायेब दौऱ्यावर होता. परत आले. रात्रीतून गारा झाल्या. बोराएवढ्या, नंतर आवळ्याएवढ्या. सकाळी मळ्यात ढीग पांढरे दिसत होते, मीठ शिंपडल्यासारखे. कागदाखालचा कांदा वाचला होता, पोत्याखालचा ठेचला होता. चांगुणा आणि कोंडाजीनं दोन दिवस निवड केली. फुटका इकडं, धड तिकडं. फुटक्या कांद्याला जो वास येतो तो घरात, अंथरुणात, भाकरीत, सगळीकडं बसला.

एकतीसला दुपारी ती दोघं पुन्हा सैनिकांच्या कचेरीत बाकावर होती. अंगाला कांद्याचा वासच एवढा होता की शेजारचा माणूस उठून खिडकीशी गेला.

कोंडाजी ज्याला सायेब म्हणे त्या कारकुनाचं नाव दिवाकरराव. वाईट माणूस नव्हता. डोक्याला तेल, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि टेबलावर चहाचा कप, ज्यात आता टाचण्या होत्या. त्यांनी गुरुजींची नक्कल वाचली, पाटलाच्या वहीची निफाडहून आणलेली नक्कल वाचली, पलटणीचा जुना कागद काढला.

"ओळखीची खूण लिहिली आहे. डाव्या खांद्यावर खेचर चावल्याचा वण. सदरा काढा."

"हितंच?"

"मग कुठं?"

कोंडाजीनं सदरा काढला. कचेरीत सात-आठ माणसं होती, चहावाला होता, टायपिंगची बाई होती. बरगड्या मोजून घ्याव्या अशा होत्या. छातीवरचे केस पांढरे, पोटाला कांद्याची फोलपटं चिकटलेली. तो खांदा पुढं करून उभा राहिला, बाजारात बैल दात दाखवतो तसा. चांगुणा पंख्याकडं बघत बसली.

दिवाकररावांनी चष्मा वर करून वण पाहिला. "खूण बरोबर आहे."

"मंग?"

"पण दोघा भावांना एकाच जागी खूण असू शकते."

"खेचर दोघांला चावलं?"

"मी नाकारत नाही, स्वीकारतही नाही. अहो, मी तुमच्याच बाजूचा आहे, पण मला बसावं लागतं कागदाच्या बाजूला." त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, खुणेसाठी घातलेलं पिंपळपान बाजूला ठेवलं. "मी काल घरी नेऊन वाचलं हे. बायको रागावली. तुमच्या प्रकरणात रस्ता आहे एक."

कोंडाजी उघडा तसाच पुढं वाकला.

"कोंडाजी त्रेचाळीस साली मयत. नोंद आहे, गुरुजींची आहे, पाटलाची आहे, सगळ्या जुळतात. तेव्हा तो बेटावर होता हे सहादू शिपायानं शपथेवर लिहून दिलंय. म्हणजे कैदेत असताना मयत. मयत माणूस गैरहजर धरता येत नाही. तो शब्द खोडावाच लागेल."

"खोडावा लागंल?" कोंडाजीचा आवाज चिरकला.

"आजच. येणं त्याच्या विधवेला."

"विधवा..." कोंडाजीनं चांगुणाकडं पाहिलं. "ही?"

"ह्याच. आता विधवेनं दुसरं लग्न केलं तर हक्क जातो. ह्यांनी केलंय, सेहेचाळीसला. पण!" दिवाकररावांनी पुस्तकावर पेन ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. "लग्न मयताच्या सख्ख्या भावाशी केलं असेल तर हक्क जात नाही. गोरक्ष खंडेराव. बाप एकच. सख्खा भाऊ."

टायपिंगची बाई थांबली होती. "सर, लग्नाच्या वेळी भावाचं वय?"

"आठ दिवस," दिवाकरराव म्हणाले. "त्याबद्दल नियम गप्प आहे."

अर्ज त्यांनी तयारच ठेवला होता. गठ्ठ्यातून काढला, चांगुणापुढं सरकवला, शाईची डबी उघडली. "बाई, अंगठा इथं. 'मयत शिपायाची विधवा' ह्याच्या खाली. पाचला कचेरी बंद होते, आणि मुदतही."

कोंडाजीनं तिचं मनगट धरलं. "दे. दे लवकर. खोडतेत ते. लाल शाईनं खोडतेत."

चांगुणानं मनगट सोडवून घेतलं. "काय खोडतेत?"

"गैरहजर."

"आन् लिवतेत काय?"

"कैदेत मयत. पारावर लावतो मी तो कागद. बघू मंग मुंबईची हवा कोन इचारतंय."

"म्हंजे मी पुन्हा रंडकी?"

"कागदावर गं!"

"तवा बी कागदच आला व्हता." ती हळूच बोलत होती, कांदे निवडताना बोलावं तशी. "कागद आला आन् तुमच्या आईनं जात्याच्या खुंट्यानं माझ्या बांगड्या फोडल्या. एक काच हितं रुतली, अजून हाय. तीन वर्षं मला पुढल्या दारानं येऊ दिलं नाय. एक टाईम भाकर. तुम्ही गोगलगाई खाल्ल्या, साऱ्या गावाला म्हाईत हाय. तुम्हाला चारशे मानसं संगती व्हती. माझ्या कोपऱ्यात मी आन् खुराडं. अठरा वर्षांची व्हते. भाऊ दुसऱ्या घरी पाट लावून द्यायला न्यायला आला, मी गेले नाय. का गेले नाय ते मला बी ठावं नाय." ती दिवाकररावांकडं वळली. "सायेब, त्या तीन वर्षांचा पगार कुनाकडं मागायचा? फारम हाय का त्याचा?"

दिवाकररावांनी खरोखरच उजवीकडचा खण उघडला. आत बघितलं. डावीकडचा उघडला. "असा फॉर्म नाही, बाई."

"बघा नीट."

"नाही हो."

कोंडाजी उघड्या अंगानं उभा होता. पट्टा कसा उकडायचा हे त्यानं तीन जिल्ह्यांना सांगितलं होतं. बांगड्यांचं त्याला ह्या कचेरीत, टायपिंगच्या बाईसमोर कळलं. त्यानं सदरा घातला, गुंड्या वरखाली लागल्या. त्यानं त्या सोडल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा वरखालीच लागल्या.

"सायेब," तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

"काय राहू द्या?"

"खोडू नका."

"अहो, मुदत संपते! मी घरी नेऊन वाचलंय!"

"तुमचे उपकार हायेत. पर मला जित्तेपनी खोडून पाहिजे. हिला पुन्हा त्या कोपऱ्यात बसवून नको." त्यानं टेबलावरचा अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "ह्याच्यावर लिवलं तर चालंल?"

"काय लिहिणार?"

कोंडाजीनं एक पेन मागून घेतलं आणि उभ्यानंच लिहू लागला. पलटणीत शिकलेलं अक्षर, वीट रचावी तसं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता. "मी कोंडाजी, ज्याचं तेरावं झालं तो. आन् बायको चांगुणा. आम्ही दोगं..." त्यानं मान वर केली. "पुढं काय गं?"

"जिवंत हाय म्हना. आन् माझी तीन वर्षं लिवा. वेगळी लिवा. तुमच्यात मिसळू नका."

त्यानं वेगळी लिहिली. जागा पुरेना म्हणून शेवटची ओळ कडेनं उभी गेली. खाली सही केली, कोंडाजी. तिनं अंगठा दिला. आधीच काळा होता, शाई दिसेना, म्हणून दोनदा दिला.

"ह्याचा निकाल काय लागेल मला माहीत नाही," दिवाकरराव म्हणाले. "कुठल्या खात्याचा विषय आहे तेही माहीत नाही. पुण्याला पाठवतो. तिथून परत येईल."

"येऊ द्या. पर घेतला म्हनून द्या काहीतरी."

पाच वाजायला सात मिनिटं होती. दिवाकररावांनी कपाळाला हात लावला, मग खणातून शिक्का काढला. आवक अर्जावर मारायचा, रोजचा, लाकडी मुठीचा. एका चिटोऱ्यावर मारला, तारीख टाकली, सही केली.

कोंडाजीनं चिटोरं उजेडाकडं धरलं. "पुसट हाय. वाचता येत नाय."

"सगळ्यांचा असाच येतो."

"पुन्हा मारा."

दिवाकररावांनी पुन्हा मारला.

"सायेब, डाव्या अंगाला उठला नाय."

"अहो, नेहमीचा शिक्का आहे तो! चहाच्या बिलावरसुद्धा मारतो मी!" पण त्यांनी डबीत शाई ओतली, चिटोऱ्याखाली रजिस्टर ठेवलं, आणि उभं राहून दोन्ही हातांनी मारला. टाचण्यांचा कप हादरला.

आता स्वच्छ उठला होता. कोंडाजीनं बोट ठेवून वाचला. एकदा स्वतःशी, मग चांगुणासाठी मोठ्यानं.

"अर्जदार समक्ष हजर."

"दोगं लिवलंय का एक?" चांगुणानं विचारलं.

कोंडाजीनं चिटोरं टेबलावर परत ठेवलं. दिवाकररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, पेनाचं टोपण काढलं, आणि शिक्क्यातल्या 'अर्जदार' ह्या शब्दाच्या वर, बारीक अक्षरात, 'दोन्ही' असं लिहिलं.